बिनजाळीचा डबा

शाकिरबद्दल जळगाव जामोदमध्ये ज्याला त्याला काहीतरी सांगायचं असतं, आणि त्यातलं निम्मं खोटं असतं. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. मी त्याची चौथीची बाई. आता त्याची घरमालकीण, कारण माझ्या घराच्या खालच्या गाळ्यात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मी तापट आहे हे गावाला ठाऊक आहे, त्यामुळे लिहिताना आवाज चढला तर चालवून घ्यावं.

शाकिरचे वडील सईदभाई कूलर बनवतात. आमच्याकडे मार्च संपला की घराघरात पत्र्याचा कूलर हवाच, आणि सईदभाईंचा कूलर म्हणजे खणखणीत काम. माझ्या घरी कूलर बसवायला आले तेव्हा त्यांनी कूलरला हातच लावला नाही. आधी सरळ समोरच्या भिंतीपाशी गेले आणि माझी बंद ठेवलेली खिडकी धाडकन उघडली. म्हणाले, "बाई, हवेले जायले रस्ता द्या. कोंडली का कूलर नुसती ओल देते." मी म्हटलं, धूळ येते. ते म्हणाले, मग पुसा. मला असं उलट बोलणारी माणसं आवडतात.

शाकिर वडिलांच्या कूलरच्या कारखान्यात पत्र्याला भोकं पाडत वाढला. पुढे बुलढाण्याला हार्डवेअरचा कोर्स केला, परत आला आणि माझ्या गाळ्यात दुकान टाकलं. बोलायला गोड नाही. गिऱ्हाईक आलं की आधी मशीन पाहतो, मग माणूस. पण तालुक्यात त्याचं नाव झालं ते एका गोष्टीमुळे. तो 'नवीन घातलं' म्हणाला की नवीन घातलेलं असायचं आणि 'जुनंच चालेल' म्हणाला की जुनंच चालायचं. लोक मशीन उघडून न पाहता घरी न्यायचे. सोनाळ्यापासून लोक यायचे ते या भरवशावर. त्याच्याकडे भांडवल म्हणून दुसरं काही नव्हतंच.

गोकुळ त्याच्याच वर्गातला, त्याच्याच बाकावरचा. भगवंतरावांचा मुलगा. भगवंतरावांचं कृषी केंद्र बाजाराच्या तोंडाशी आहे; बियाणं, खत, फवारणीची औषधं सगळं मिळतं. गोकुळ हुशार, दिसायला छान, आणि कुणालाही दोन मिनिटांत आपलंसं करणारा. ईदच्या दिवशी शाकिरच्या आधी तो शाकिरच्या आईच्या, अजीजुन्निसांच्या, चुलीपाशी बसलेला असायचा, 'अम्मी अजून' म्हणत वाटी पुढे करायचा. शाकिर मात्र गोकुळच्या घरी बैठकीपर्यंतच. तिथे चहा यायचा, फराळ यायचा, पण बैठकीच्या पलीकडे तो कधी गेला नाही आणि त्यात त्याला काही वावगंही वाटायचं नाही. मला वाटायचं. बोलले मात्र नाही, कारण ते दोघं इतके खूश असायचे.

गोकुळला कॉम्प्युटरवरच्या खेळाचं वेड. पोरांचा एक संघ केला होता त्याने. आपापलं मशीन घेऊन जायचं आणि स्पर्धेत खेळायचं, अशी काहीतरी रीत. अकोल्याला एप्रिलमध्ये मोठी स्पर्धा होती. त्यासाठी त्याला असं मशीन हवं होतं की पिशवीत घालून एसटीच्या सीटखाली ठेवता येईल, पण पळेल मात्र मोठ्या मशीनसारखं.

शाकिर महिनाभर त्या मशीनच्या मागे होता. मला काही कळत नव्हतं, तेव्हा त्याने समजावलं. कॉम्प्युटरच्या पोटात हिशेब करणारा एक चौकोनी तुकडा असतो, खाऱ्या बिस्किटापेक्षा लहान. त्याला प्रोसेसर म्हणतात. साधं काम असलं तर तो गप्प असतो, पण असले खेळ चालू झाले की तव्यासारखा तापतो. त्याच्या डोक्यावर धातूच्या पातळ पात्यांचा गठ्ठा बसवतात, दोघांच्या मध्ये टूथपेस्टसारखी पेस्ट लावतात म्हणजे उष्णता वर चढते, आणि पंखा ती पात्यांमधून उडवून लावतो. मोठ्या डब्यात हे सोपं. लहान डब्यात पंखा छोटा, पाती बुटकी आणि तापलेली हवा तिथल्या तिथेच गरगरत राहते. फार तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला आधी हळू होतो आणि तरी भागलं नाही तर मशीन बंद पाडतो.

"थंडीत कोणाचंबी मशीन चालते, बाई," तो म्हणाला. "अकोल्याच्या एप्रिलमधी चाललं पाह्यजे."

बाजारात तसा डबा मिळेना, तेव्हा कूलरच्याच पत्र्याचा बनवला. सईदभाईंनी कापून, वाकवून दिला. पहिल्यांदा शाकिरने दोन पंखे लावले आणि दोन्ही आत हवा फेकणारे लावले. कूलरवाल्याचा मुलगा तो. कूलर खोलीत हवा फेकतो, हाताला तीच सवय. मशीन सुरू केलं तर पाच मिनिटांत तापून बंद. सईदभाई वाकून बघत होते. त्यांना असं हसू फुटलं की वर माझ्या दारापुढच्या ओट्यापर्यंत ऐकू आलं. "बेटा, सामनेकी खिडकी कहाँ है?" शाकिरने लाजून वरचा पंखा उलटा केला. खालून गार हवा आत, वरून तापलेली बाहेर. मग डिसेंबरच्या थंडीत अकोल्याचा उन्हाळा करायचा म्हणून डब्याशेजारी मोठा पिवळा बल्ब लावला, दोन्हीवर खाट उभी केली आणि खाटेवर माझी रजई पांघरली. त्यात तासन् तास खेळ चालवून पाहिला. रजईला अजून पत्र्याच्या रंगाचा वास येतो.

आता त्या वर्षीची गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते दोन हजार सतराचं वर्ष. बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली ती त्याच हंगामात. बीटीला बोंडअळी लागत नाही असं ऐकून सगळ्यांनी तीच लावली होती, आणि आमच्या भागात हे सगळ्यात जास्त ऐकवलं भगवंतरावांनी. पाकीट हातात देताना म्हणायचे, "निसतं पेरा आन् वेचा." बोंडं वरून हिरवीगार, फोडली की आत अळी आणि पिवळा पडलेला, चिकटलेला कापूस. अशा कापसाला आमच्याकडे कवडी म्हणतात. सोनाळ्याचे शेषराव एक दिवस पिशवीभर बोंडं घेऊन आले आणि भगवंतरावांच्या काउंटरवर ओतली. मी तिथेच होते, गुलाबाला खत घ्यायला गेले होते. भगवंतराव शांतपणे म्हणाले, "मी का कारखाना काढला हाय, शेषरावभाऊ? पाकिटात येते ते इकतो. माहं सोताचं वावर गेलं. यंदा माह्या घरात बोंडभर कापूस आला नाही." शेषराव बिचारे वरमले. माणूस आपल्याइतकाच बुडालेला असला की त्याच्यावर ओरडता येत नाही.

त्यानंतर चार-आठ दिवसांतच गोकुळ डबा कुठवर आला ते पाहायला आला. मी ओट्यावर वाल सोलत बसले होते. खालचं सगळं ऐकू येतं.

शाकिर म्हणाला, "गोकुळ, एक सांग. घरात कापूस हाय का?"

"काऊन बे?"

हा प्रश्न आमच्याकडेच पडू शकतो. आमच्याकडे वेचलेला कापूस लगेच विकत नाहीत. भाव चढेल म्हणून घरातच साठवतात. ज्या खोलीत माणसं झोपतात त्याच खोलीत छतापर्यंत कापूस असतो. त्याचा बारीक तंतू हवेत तरंगत राहतो.

"कापूस असन तर खालच्या भोकाले बारीक जाळी लावा लागते," शाकिर म्हणाला. "नाहीतर पंखा रुई ओढते, पातीत जाऊन बसते. पण जाळी लावली का हवा कमी होते. हवा कमी म्हणजे प्रोसेसरले लगाम लावा लागन, खेळ जरा हळू चालन. कापूस नसन तर मोकळी भोकं ठेवतो. मंग पुरा पळव."

"मंग पुराच पळव ना! आमच्या घरी कायचा कापूस? बाबा काय म्हणे ते ऐकलं नाही का गावानं?"

"पक्कं?"

"तुह्याशी खोटं बोलीन का बे मी?"

शाकिरने जाळी बाजूला ठेवली. दुसऱ्या कुणाचं मशीन असतं तर त्याने घरी जाऊन पाहिलं असतं. पण हा गोकुळ. आणि पाहायला जाणार तरी कुठे? बैठकीत कापूस नव्हताच.

मशीन झालं. काळा रंग दिलेला, जेवणाच्या मोठ्या डब्याएवढा. गोकुळने ते डोक्यावर घेऊन दुकानासमोर नाच केला. त्याच आठवड्यात कोचिंग क्लासवाले पंजाबराव आले, मशीन पाहिलं आणि म्हणाले, जूनपासून क्लासात कॉम्प्युटर शिकवणार, सगळी मशीन तूच बनव. शाकिर त्या दिवशी पहिल्यांदा मला न विचारता चहा घेऊन वर आला.

एप्रिलमध्ये गोकुळ अकोल्याला गेला. शाकिरला जायचं होतं, पण कूलरचा हंगाम. सईदभाईंना एकट्याने झेपेना. दुपारी तो पत्र्याची कैची हातात घेऊन बसला होता आणि फोन वाजला. गोकुळचा संघ शेवटच्या सामन्यात पोचला आणि भर खेळात मशीन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. हरले. शाकिर म्हणत होता, "घेऊन ये. मी पायतो. गोकुळ, ऐक तर..." पलीकडून फोन कट झाला होता.

गोकुळ परत आला, पण मशीन घेऊन दुकानात आला नाही. आणि बाजारात सांगत सुटला, की शाकिरने नवीन म्हणून जुना प्रोसेसर घातला. वापरलेला. कुठल्या तरी बंद कॉम्प्युटरचा काढलेला.

शाकिर त्याच्या घरी गेला. बैठकीतून निरोप आला, गोकुळ घरी नाही. गोकुळची मोटरसायकल अंगणात उभी होती. तो दुसऱ्या दिवशी गेला, तिसऱ्या दिवशी गेला. एकदा मशीन उघडून दाखव, एवढंच त्याला हवं होतं. चहासुद्धा आला नाही.

मग एकेक जण मशीन घेऊन यायला लागले. 'जरा उघडून दाखव, आत काय हाय ते.' ज्यांनी वर्षानुवर्षं न पाहता नेलं ते. शाकिर स्क्रू काढायचा, दाखवायचा, परत लावायचा. पंजाबराव आले ते दारातूनच बोलले. "शाकिर, राग नको मानू बाप्पा. पोरायचे मायबाप इचारतात. यंदा अकोल्याहून आनतो." चहाच्या टपरीवर एक जण मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, अशा लोकांवर भरवसा ठेवूच नये. मी विचारलं, अशा म्हणजे कशा? नाव घेऊन सांग. चौथीत तुला मीच नापास केलं होतं, आजही करीन. त्याने गरम चहा तसाच घशात ओतला आणि निघाला. पण किती टपऱ्यांवर जाऊ मी?

अजीजुन्निसा त्या दिवसांत एकदा माझ्याकडे येऊन बसल्या. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्यानं असं काऊन केलं असन, बाई? खेळ हारला म्हून?"

उत्तर मे महिन्यात पिशवीतून आलं. गोकुळची धाकटी बहीण पूनम भर उन्हात दुकानात आली. गोकुळला नवीन मशीन घेऊन दिलं होतं आणि हा डबा तिच्या वाट्याला आला होता. तिला नर्सिंगच्या परीक्षेचा अभ्यास करायचा होता, आणि डबा सुरू झाला की बंद पडत होता.

"दादाले सांगू नका," ती म्हणाली. "तुमच्याकडेच काऊन आनला म्हणन."

शाकिरने डबा माझ्या ओट्यावर आणला, उजेडात. त्याची एक पद्धत आहे. झाकण लावलं की एका स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब ठेवतो. आपल्यानंतर कुणी उघडलं तर तो थेंब तडकतो. या डब्यावरचा थेंब तडकलेला होता. त्याने झाकण काढलं. पात्यांचा गठ्ठा दिसतच नव्हता. त्याच्यावर रुईची गादी बसली होती, दाबून भरलेली, पिवळट. चिमट्याने ओढली तर तिच्यासोबत एक वाळलेली गुलाबी अळी आली. पूनम दचकून मागे सरकली. मी नाही. शेषरावांच्या बोंडांत मी ती पाहिलेली होती.

शाकिरने गठ्ठा काढला. खालची पेस्ट पाहून थांबला. "ही माही नाही," तो म्हणाला. "माही पांढरी होती. ही करडी हाय. पूनम, हे कोणं खोललं होतं?"

"दादानं. अकोल्यातच," ती सहज म्हणाली. तिला काय माहीत! "हारले ना, त्याच दिवशी. तथल्याच एका पोरानं खोलून देल्लं. तेव्हाबी मूठभर निघाला होता कापूस. साफ केला, पन आता पुन्हा भरला. घरी येऊन दादा बाबाले सांगत होता. बाबा म्हणे, हे बाहेर बोलू नको."

"घरात कापूस हाय?"

"हाव. वरच्या दोनी खोल्याइत. छतालोक. दिवाळीपासून. आंगाले खाज सुटते नुसती."

शाकिरने रुईतली अळी उचलून ओट्याच्या कडेला ठेवली, अगदी हळू. मला मात्र राहवेना. मी उठले, पदर खोचला, चपला घातल्या. भगवंतरावांच्या दुकानासमोर भर बाजारात उभं राहून मला हे सगळं सांगायचं होतं. मी एकदा बोलायला लागले की चार गल्ल्यांना ऐकू जातं.

"बाई, बसा," शाकिर म्हणाला.

"काऊन बसू?"

"मशीन पूनमनं आनलं. आपुन बोललो तर सगळ्यायले समजते कोणाकडून समजलं. तिले त्या घरात राहाचं हाय."

पूनमला तेव्हा कळलं. तिचा चेहरा असा उतरला की माझ्या चपला मी आपोआप काढल्या. शाकिरने सगळं साफ केलं, आपली पांढरी पेस्ट लावली, प्रोसेसरला लगाम घातला आणि डिसेंबरात बाजूला ठेवलेली तीच बारीक जाळी खाली बसवली. "आता हळू चालन," तिला म्हणाला. "पन बंद नाही पडनार. आठ दिवसाले जाळी झटकत जाय." पैसे घेतले नाहीत. जो एक खरा शब्द सगळं धुऊन काढणार होता, तो हातात आला, आणि त्यानेच तो पिशवीत घालून त्या पोरीसोबत परत पाठवला. मी अजूनही त्याच्यावर यासाठी चिडते.

जाळी लपत नाही. दोन-तीन दिवसांत गोकुळ आला. मोटरसायकल उभी केली, दुकानात शिरला आणि नेहमीसारखा हसून म्हणाला, "जाळी चांगली लावली, यार." मी ओट्यावरच होते. हललेही नाही.

"तुले मालूम होतं," शाकिर म्हणाला.

"अबे, समजून घे ना."

"त्याच दिवशी मालूम होतं. तरी मले चोर म्हनत फिरला."

गोकुळ खुर्चीवर बसला, आवाज खाली आणला. त्याला वाटलं मी म्हातारी झाले, मला ऐकू येत नाही. "बाबानं गावाले सांगतलं होतं घरात बोंडभर कापूस नाही. आन् तो कापूस लोकायचाच हाय. दुसऱ्याच्या हातानं मातीमोल घेतला. चांगल्यात मिसळून इकाचा होता. मशीनमधून अळीचा कापूस निघाला असं समजलं असतं तर लोकायनं दुकान फोडलं असतं. कोणाचं ना कोणाचं नाव जानारच होतं, शाकिर. बाबाचं गेलं असतं तर आम्ही संपलो असतो. तुह्यं काय? चार दिवसात भुलतात लोक."

"कापूस तुमचा, खोटं तुह्यं, आन् चोर मी."

"भरून देतो ना यार! दुकानाचं बिलाचं मशीन तूच बनव. बाबाले मी सांगतो."

"बनवतो," शाकिर उभा राहिला. "चाल. पयले घर पायतो. मशीन कोठी ठेवाचं ते. वरच्या खोल्या दाखव."

गोकुळचं हसू तिथेच राहिलं. खिशातल्या किल्लीशी खेळला, मग उठून गेला. पुन्हा आला नाही. जूनमध्ये पाऊस पडला आणि लोक बियाण्यासाठी भगवंतरावांच्या दुकानासमोर रांगेत उभे राहिले. रांगेत शेषरावही होते. जातील कुठे?

शाकिरचं दुकान बंद पडलं नाही. हळूहळू गिऱ्हाईक परत आलं, कारण दुसरा कुणी तसं काम करत नाही. पण एक रीत त्याने सुरू केली, ती आजपर्यंत आहे. नवीन मशीन सांगायला कुणी आलं की तो आधी त्याच्या घरी जातो, आणि आतल्या खोलीपर्यंत जातो. जो आत येऊ देत नाही त्याचं काम घेत नाही. लोक कुरकुरतात. मला आवडायचं ते. मी सगळ्यांना सांगायचे, बरोबर करतो तो.

गेल्या वर्षी मी त्याला म्हटलं, माझ्यासाठीही एक छोटा डबा बनव, भाचीशी बोलायला, जुनी पुस्तकं वाचायला. माझ्याकडे वावर नाही, कापूस नाही, घरात मी एकटी. हे सगळं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, हो बाई. आणि दुसऱ्या दिवशी वर आला. बैठकीतून स्वयंपाकघरात गेला, तिथून माझ्या झोपायच्या खोलीत. पलंगाखाली वाकून पाहिलं. माळ्यावर पाहिलं. देवघरापाशी वातींसाठी ठेवलेला मूठभर कापूस होता, तो बोटांनी उचलला आणि परत ठेवला.

"शाकिर," मी म्हटलं, "मी सांगतलं होतं ना तुले, कापूस नाही म्हणून?"

"हाव बाई," तो म्हणाला. "सांगतलं होतं."

आठवड्याने मशीन आलं. सुरेख, शांत, जरा हळू. मी ते उलटं करून पाहिलं. खाली बारीक जाळी बसवलेली होती.